हिसकते, कापते की डुगडुगते?

आदरणीय मारोतराव ढोमणे यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा ते छातीपर्यंत जमिनीत होते. दुर्गच्या मोहन नगरात त्यांच्या अंगणात एक खड्डा आहे, वर गाडी उभी करून खालून पाहता यावं म्हणून बांधून काढलेला. मी काठावर उभा राहून नाव सांगितलं. आपल्या मंडळींना ठाऊक आहे की मी एका वर्तमानपत्रात साप्ताहिक विनोदी सदर लिहितो आणि त्यात शेजारी, नातेवाईक, कार्यालयातले साहेब, कोणालाही सोडत नाही. त्यामुळे माझं नाव ऐकलं की लोक एक तर हसतात, नाहीतर जपून बोलायला लागतात. मारोतरावांनी यातलं काहीच केलं नाही. त्यांनी चिंधीला हात पुसले, कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि विचारलं, "तो बापाच्या पायाचा लेख तुमीच लिवला काय जी?"

मी हो म्हणालो. थोड्या ऐटीतच म्हणालो असेन.

"चूक लिवला," ते म्हणाले आणि परत खाली वाकले.

मारोतरावांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी संपादक मंडळाने माझ्याकडे 'काहीतरी हलकंफुलकं' मागितलं होतं. मंडळाची मी क्षमा मागतो. टोपी उडवायची माझी सवय जुनी आहे, पण या गृहस्थांसमोर माझीच टोपी उतरली ती पाच वर्षं झाली तरी डोक्यावर परत बसलेली नाही.

तो 'बापाच्या पायाचा लेख' काय होता, हे आधी सांगायला हवं. माझे वडील रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते. नागपूरकडून आलेलं आमचं घराणं, आणि दुर्गच्या लाइनवर बाबांची सारी नोकरी गेली. दरेकसाच्या चढावर भरलेली मालगाडी कशी न्यायची हे ते आजही जेवताना वरणभाताच्या मदतीने समजावून सांगतात. निवृत्तीनंतर ते माझ्याकडे, सरकारी कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर दहाच्या क्वार्टरमध्ये राहायला आले आणि आमची निळी जुनी गाडी त्यांनी आपली मानली. रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालायचा, गाडी काढायची, ओव्हरब्रिज ओलांडून दुर्ग स्टेशनवर जायचं आणि जुन्या सोबत्यांबरोबर बाकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांच्या चुका काढायच्या, हा त्यांचा नेम होता. तेव्हा ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते.

मग गाडीला ती खोड लागली. बाबा ओव्हरब्रिज चढायला ॲक्सिलरेटर दाबत आणि गाडी अंग झाडल्यासारखी हादरे. मी तीन मिस्त्री केले. पहिल्याला सांगितलं, गाडी झटके मारते. त्याने प्लग बदलले. दुसऱ्याला तेच सांगितलं; त्याने पेट्रोलची नळीन्‌नळी धुतली आणि वर चाकांचं बॅलन्सिंगही करून दिलं. तिसरा स्वतः बसला, सेक्टरच्या सपाट रस्त्यांवरून दोन चकरा मारून आला आणि म्हणाला, "इसमें कुछ नहीं है भैया. चलाने वाले को देखो."

मला हे वाक्य पटलं, कारण त्याला पुरावा होता. मी गाडी चालवली की काही होत नसे. बाबांनी चालवली की होई. शिवाय हल्ली चहाचा कप धरताना बाबांचा हात कापत असे. ज्याचा हात कापतो त्याचा पायही कापणार, आणि तोच पाय ॲक्सिलरेटरवर असणार. मी गाडीची चावी बाबांकडून घेऊन माझ्या कपाटात ठेवली. रेल्वेच्या इंजिनाला ॲक्सिलरेटर पायात नसतो, हातात असतो, तेव्हा तुमच्या पायाला सवयच नाही, असंही वर त्यांना ऐकवलं. बाबांनी वाद घातला नाही. एवढंच म्हणाले, "मोहन नगरच्या ढोमण्याले एकदा गाडी दाखव. मंग ठेव चावी."

मी गाडी दाखवली नाही. मी लेख लिहिला. ज्यांनी मालगाड्या घाट चढवल्या त्यांच्या पायाने आता आमची गाडी पुलावर कशी नाचते, असा तो लेख होता. लोकांना फार आवडला. बाजारात लोक बाबांना थांबवून विचारू लागले की काय ड्रायव्हर साहेब, गाडी नाचून राहिली का अजून. बाबांनी बाजारात जाणं सोडलं. ऑटोने स्टेशनवर जा म्हटलं तर म्हणायचे, पाहू. रोज सकाळी मात्र इस्त्रीचा शर्ट घालत आणि व्हरांड्यात बसत. तो शर्ट तीन आठवडे पाहिल्यावर माझी बायको मला जे बोलली ते मी सदरातही लिहिलेलं नाही. दुसऱ्या दिवशी मी मोहन नगरात त्या खड्ड्याच्या काठावर उभा होतो.

मारोतराव यथावकाश वर आले. त्यांनी विचारलं, गाडीला होतं काय. मी म्हणालो, झटके मारते.

"झटके म्हंजे काय? हिसकते, कापते, का डुगडुगते?"

मराठीत लिहिणारा म्हणून या गावात मला ओळखतात. आमच्या घरात मात्र या सगळ्याला एकच शब्द: झटका. मारोतरावांनी मग मला, पहिलीच्या पोराला बाराखडी शिकवावी तसे, तीन शब्द शिकवले. मागून कोणीतरी शर्ट धरून ओढल्यासारखी गाडी अडखळत जाते ती हिसकते. तिला आग किंवा पेट्रोल नीट पोचत नाही, प्लग पाहायचे. पाय दाबा किंवा सोडा, वेग वाढला की स्टिअरिंग बारीक थरथरतं, ती गाडी कापते. तिची चाकं पाहायची. आणि चढाला, पाय दाबल्यावरच, सारं अंग डावी-उजवीकडे हलवते आणि पाय सोडला की गप्प होते, ती डुगडुगते. "मिस्त्र्यायची चूक नाही जी," ते म्हणाले. "तुमी त्यायले चूक शब्द देल्ला."

मग त्यांनी उद्या सकाळी गाडी घेऊन यायला सांगितलं, आणि ती बाबांनी चालवत आणायची. बाबांचं चालवणं आता बंद आहे, असं मी म्हणालो.

"बंद झालं का तुमी बंद केलं?"

मी घरी येऊन चावी बाबांच्या पुढ्यात ठेवली. सकाळी त्यांनी इस्त्रीच्या शर्टाबरोबर नोकरीतले काळे बूटही घातले.

मारोतरावांनी गाडी आधी अंगणातच तपासली. बॉनेट उघडलं, बाबांना ब्रेक दाबून पहिल्या गिअरमध्ये क्लच किंचित सोडायला सांगितलं आणि इंजिन किती उचकतं ते पाहिलं. आपला पहिला संशय इंजिन ज्यावर बसतं त्या रबरी फाउंडेशनवर होता आणि तो चुकला, असं त्यांनी न विचारता सांगून टाकलं. तेवढ्यात शशिकलाताई, म्हणजे सौ. ढोमणे, स्टीलचा गिलास घेऊन आल्या. त्यात पाणी अर्धंच होतं. पाहुण्याला अर्धा गिलास पाणी देतात हे मी सदरासाठी मनात टिपून घेतलं आणि हात पुढे केला. "प्याचं नाही ते," ताई म्हणाल्या. त्यांच्या दुसऱ्या हातात कणकेचा गोळा होता. मारोतरावांनी गोळा डॅशबोर्डवर थापला, त्यावर गिलास घट्ट बसवला आणि मला वही घेऊन मागच्या सीटवर बसायला सांगितलं.

"तुमी लिवता ना? मंग लिवा. पानी कुठून कुठं जाते, तेवढंच. बाकीचं काही नोका लिवू."

ओव्हरब्रिजचा चढ आला. बाबांनी तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला आणि गाडी हादरू लागली. गिलासातलं पाणी डावीकडे गेलं, उजवीकडे गेलं, डावीकडे गेलं. मी तसं लिहिलं. मारोतरावांनी पाय सोडायला सांगितला. पाणी जागच्या जागी उभं राहिलं. अर्धा दाबायला सांगितला, थोडं हललं. पूर्ण दाबायला सांगितला, तेव्हा काठावरून उसळून बाबांच्या गुडघ्यावर सांडलं. मारोतराव समोर रस्त्याकडे पाहत होते, गिलासाकडे नव्हे. त्यांचा तळवा दाराच्या आतल्या बाजूला टेकलेला होता आणि मी पेन टेकवायच्या आधी ते पुढचं सांगत होते. त्यांना गिलास नकोच होता. गिलास माझ्यासाठी होता, हे मला फार उशिरा उमजलं.

पुलापलीकडे त्यांनी गाडी थांबवून मला चालवायला बसवलं. बाबा मागे गेले. परतीचा चढ लागला, मी नेहमीसारखा पाय दाबला. पाणी शांत. मनातल्या मनात मी जिंकलो.

"असं नाही जी," मारोतराव म्हणाले. "तुमी गाडीले गोंजारून राहिले. चढ हाय. बाबांसारखं दाबा."

मी दाबला. पाणी डावीकडे गेलं, उजवीकडे गेलं, डावीकडे गेलं. स्टिअरिंग, सीट, आरसा, सगळं माझ्या पायाखालून डुगडुगू लागलं. पूल संपला. मग मारोतरावांनी वाकून माझ्या बुटाकडे नीट पाहिलं.

"मंग तुमचा बी पाय कापून राहिला काय?"

आरशात बाबा दिसत होते. ते हसत नव्हते. खिडकीतून मागे पडलेल्या रुळांकडे पाहत होते. कितीतरी दिवसांत माझ्याशी आपणहून पहिलं वाक्य बोलले ते असं: "पानी सांडलं हाय समोर. पुसून घेजो."

अंगणातल्या खड्ड्यात मारोतरावांनी मलाही उतरवलं. इंजिनाकडून पुढच्या चाकाकडे जो दांडा जातो, त्याच्या इंजिनाकडच्या सांध्यावरचं रबरी बूट, म्हणजे आवरण, फाटलं होतं आणि ग्रीस चहूकडे उडून वाळलं होतं. तो सांधा त्यांनी खोलला. आत तीन रोलर असतात आणि ते एका वाटीतल्या तीन खाचांमध्ये मागेपुढे सरकतात. गाडीवर जोर पडला की सारा भार त्या खाचांवर येतो. त्यांनी वाटी पुसून माझं बोट आत घातलं आणि नख फिरवायला सांगितलं. गुळगुळीत पोलादात एका जागी नख अडलं. बस, तेवढं. नखाला लागेल न लागेल एवढ्या त्या खड्ड्यापायी मी माझ्या वडिलांना व्हरांड्यात बसवलं होतं.

तरीही माझी खोड गेली नव्हती. चहा आला तेव्हा बाबांचा कप बशीवर वाजला आणि मी मारोतरावांना म्हणालोच की काका, हात तर कापतोच ना. मारोतरावांनी बाबांच्या हाताकडे पाहिलं, लपवून नव्हे, चांगलं समोरून. "हात कापते," ते म्हणाले. "तो डॉक्टरले दाखवा. पाय आपलं काम करून राहिला. एकाचं दुसऱ्याच्या नावावर कावून लिवता?"

हे त्यांच्यात कुठून आलं, ते मला पुढे त्यांचे जुने सोबती साहूजी यांच्याकडून कळलं. पंचेचाळीस वर्षांपूर्वी, सरकारी कारखान्यात लागण्याच्या आधी, मारोतराव एका लहानशा खासगी रोलिंग मिलमध्ये देखभालीला होते. ती मिल आता नाही. साहूजी तिथे ऑपरेटर होते. एक दिवस चालत्या मिलमध्ये रोल फिरवणारा दांडा कपलिंगजवळ तुटला. चौकशीचा कागद दुपारपर्यंत तयार झाला आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं की ऑपरेटरने माल थंड असताना चढवला. सही देखभालीकडून मारोतरावांची हवी होती. तीस वर्षांचे मारोतराव, कच्ची नोकरी, समोर मॅनेजर. ते म्हणाले, "साहब, आदमी का नाम आख़िर में लिखेंगे. पहले कपलिंग खोलते हैं." कपलिंग खोलायला दोन पाळ्या गेल्या. तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग नवा, चमकता होता आणि अर्धा काळा पडलेला. काळा म्हणजे जुना. तडा कित्येक महिने आतून सरकत आला होता. साहूजी हे सांगताना छत्तीसगढीत शिरतात आणि तिथेच थांबतात: "ओकरे सेती मोर नौकरी बांचिस." त्यांच्यामुळे माझी नोकरी वाचली, एवढंच. मारोतरावांना मी या प्रसंगाबद्दल विचारलं तर त्यांनी मला त्या तड्याचं चित्र काढून दाखवलं. साहूजींचं नाव त्यांच्या बोलण्यात आलं नाही. मॅनेजरचंही नाही.

माणसाचं नाव शेवटी. पुढे मोठ्या कारखान्यात, सेक्टर सहाच्या क्वार्टरमध्ये काढलेल्या सगळ्या वर्षांत, आणि आता मोहन नगरच्या अंगणात, मारोतराव याच क्रमाने चालत आले आहेत. मी माणसाच्या नावापासून सुरुवात करतो. तो माझा धंदा आहे, आणि तो बरा चालतो. पण त्या दिवसापासून एखाद्याची खोड लिहायला बसलो की मला गिलासातलं पाणी दिसतं, आणि त्याचं नाव निदान एक ओळ तरी उशिरा येतं.

नवा सांधा बसवून झाल्यावर मारोतरावांनी गाडी पुलावरून फिरवून आणली, आम्हा दोघांना न घेता. परत आले, चावी बाबांच्या हातात दिली आणि म्हणाले, "बने हे." छत्तीसगढीत एखादी गोष्ट उत्तम आहे असं म्हणायला एवढे दोन शब्द पुरतात, आणि मारोतरावांच्या तोंडून यापेक्षा मोठी प्रशंसा मी आजवर ऐकलेली नाही. बाबा थेट स्टेशनवर गेले. मी ऑटोने घरी आलो.

बाबांनी त्यानंतर तीन हिवाळे गाडी चालवली. चौथ्याच्या सुरुवातीला एका सकाळी ते शर्ट घालून बाहेर गेले आणि लगेच परत आले. चावी माझ्या चहाच्या कपाजवळ ठेवली. "आज बी क्लचवर पाय कापला," म्हणाले. "गाडी नाही. मीच." मी म्हणालो, एकदा मारोतरावांना दाखवू. बाबा म्हणाले की कालच त्यांच्याकडे जाऊन आलो. मारोतरावांनी आधी क्लच तपासला, मग केबल तपासली, मग बाबांना खाटेवर बसवून विचारलं, हिसकला का कापला? दोघांनी मिळून शब्द ठरवला. त्यानंतर चावी कोणी कोणाकडून घेतली नाही. ज्याची होती त्याने ठेवली. हल्ली रोज सकाळी मी बाबांना स्टेशनवर सोडतो. पुलावर ते मला सांगतात, दाब, चढ हाय.

त्या लेखाची दुरुस्ती मी कधी छापली नाही. विनोदी सदरात दुरुस्ती छापायची पद्धत नाही, अशी सोयीची समजूत मी करून घेतली होती. मारोतरावांनी पाच वर्षांत ती एकदाही मागितली नाही. बाबांनी तर नाहीच. म्हणून आज, ज्यांनी तो लेख वाचून बाबांना बाजारात थांबवलं त्या सर्वांच्या समोर, मारोतरावांच्या गौरवग्रंथात, ती देतो: माझ्या वडिलांचा पाय कापत नव्हता. गाडी डुगडुगत होती. लेखक चुकला.

मारोतरावांना आता एका कानाने कमी ऐकू येतं. मुलगा दूरच्या गावी असतो आणि तो खड्डा बुजवून टाका, वय झालं, असं फोनवर सांगतो, असं शशिकलाताईंकडून कळलं. मुलाचा जीव तुटतो, हे मला समजतं. चावी कपाटात ठेवताना माझाही तुटत होता. त्याला मी एवढंच सुचवीन की आधी खड्ड्याच्या पायऱ्या पाहाव्यात. खालची एक निखळली आहे. ती बसवून घ्यावी. मग खड्ड्याचं काय करायचं ते मारोतरावांनाच विचारावं.

मारोतरावांना उदंड आयुष्य लाभो. शशिकलाताईंची सोबत त्यांना लाभो, दोघांचे गुडघे खड्ड्याच्या पायऱ्यांना पुरून उरोत, आणि पाना खाली ठेवायचा दिवस कधी आलाच तर तो त्यांनी स्वतः, स्वतःच्या शब्दात सांगावा. तो दुसऱ्या कोणी त्यांच्या नावावर लिहू नये.

सत्काराच्या दिवशी मंडळाच्या मंचावर शाल-श्रीफळ झाल्यावर त्यांच्या हाती पाण्याचा गिलास दिला जाईल. त्यातलं पाणी हललेलं दिसलं, तर पहिल्या रांगेतल्यांनी कृपा करून त्यांच्या हाताकडे पाहू नये. आधी मंच तपासावा. आपल्या मंडळाचा मंच फार जुना आहे, आणि गेल्या वर्षी मी स्वतः त्यावर उभा होतो तेव्हा तो डुगडुगत होता.